सेवापात्रांची टंचाई

म्हाताऱ्या माणसांना स्वयंसेवकांची किती गरज असते, हे स्वयंसेवकांना जेवढं ठाऊक असतं तेवढं खुद्द म्हाताऱ्यांनाही नसतं. आम्हाला तर ते रविवारी सकाळी दहाच्या सुमाराला समजतं, गेटाशी गाड्या थांबायला लागल्या की.

आमच्या निवासात आम्ही चाळीस जण. आम्हाला वृद्ध म्हणायचं नाही, वाईट दिसतं, असं वरून कळवलंय. आम्हाला 'सेवापात्र' म्हणतात. (सुरुवातीला मला ते एखाद्या स्वयंपाकाच्या भांड्याचं नाव वाटलं होतं. म्हटलं, आणा, घासून ठेवते.) आम्ही चाळीस आणि आमची सेवा करायला नंबर लावून बसलेले तीनशेच्या वर. त्यातले कित्येक मोठमोठ्या हुद्द्यांवरचे आहेत. आठवडाभर ऑफिसात माणसांना रडवतात आणि रविवारी इथे येऊन स्वतः रडतात. केवढं मोठं मन!

मागे एकदा पाहणी झाली. स्वयंसेवकांमुळे सेवापात्रांचा आनंद वाढतो का, हा प्रश्न. शंभरातल्या सत्त्याण्णव जणांनी छातीवर हात ठेवून सांगितलं, फार वाढतो. उरलेल्या तिघांना गाडी लावायला जागा मिळाली नव्हती, ते पोचेपर्यंत पाहणी संपली. हे शंभरही जण स्वयंसेवक होते. आम्हाला कोणी विचारलं नाही. आमच्या वयाचा मान राखला.

आता एवढ्या लोकांना पुरतील एवढे म्हातारे आणायचे कुठून? मग असेल त्यातच भागवावं लागतं. नखं कापण्याची सेवा घ्या. स्वयंसेवकांना नखं कापायला फार आवडतं, पण नखांना वाढायची घाई नसते. म्हणून एका स्वयंसेवकाला एक बोट, असं ठरलंय. माझ्या उजव्या हाताची करंगळी एका दंतवैद्याकडे आहे. अंगठ्यावरून दोघा सख्ख्या भावांची जुंपली, तेव्हापासून तो एकाआड एक रविवारी वाटून दिलाय. आपलं नख आपण कापलं तर तो सेवेचा अपहार धरतात. आमच्यातल्याच, तळमजल्यावरच्या नर्सबाईंनी तसं केलं. जन्मभर दुसऱ्यांची कापली हो, हाताला सवय! त्यांना चहाच्या वेळेला सगळ्यांसमोर समज दिली.

मग व्हीलचेअर. मी चालते. नुसती चालत नाही, भरभर चालते. पण खुर्ची ढकलायला सोळा जण ठरलेत, त्यांना असं रिकामं परत पाठवायचं का? म्हणून मी तिसऱ्या मजल्यावरच्या कोठीत जाते, खुर्ची काढते, पुसते, चाकांना तेल देते, जिन्यावरून धरून खाली आणते आणि मग तिच्यात बसते. ते मला अंगणात एक चक्कर मारून आणतात आणि म्हणतात, "दमलात का आजी?" मी म्हणते, "हो रे बाबा." खोटं नसतं ते.

स्वच्छतासेवेच्या दिवशी तर आम्ही पहाटेच उठतो. आधी सगळी खोली झाडून लख्ख करायची, कारण पाहुणे येणार. मग मॅडम बागेतला पालापाचोळा पोत्यात भरून आणतात आणि खोलीखोलीत मापाने पसरतात, कारण पाहुणे झाडायला येणार. पाला कोरडा आणि स्वच्छ असावा, अशी त्यांची सक्त सूचना आहे. मॅडम म्हणजे आमच्या व्यवस्थापक. बाई मनाने वाईट नाहीत. फक्त त्यांच्याही वर कोणीतरी आहे.

आणि आम्ही नुसतं घेतो असं नाही हं! मी जन्मभर शिवणकाम केलं. अजून सुईत दोरा पहिल्या फटक्यात ओवते. येणाऱ्या प्रत्येकाचं एखादं तरी बटण लोंबत असतंच. ते मी लावून देते. तो वेळ त्यांच्या सेवेच्या तासांत धरतात, कारण मी बटण लावते तेव्हा सदरा अंगात घालून उभं राहायचे कष्ट त्यांचे असतात.

एवढी सेवा झाली की शेवटी गुण. तुम्हाला वाटेल, आम्ही त्यांना देत असू. वेडे आहात का! फुकट राबणाऱ्या माणसाला गुण देणं शोभतं का? ते आम्हाला देतात. सेवापात्र गोड हसला, दोन गुण. हात हातात घेतला, तीन. आशीर्वाद दिला, पाच. (डोक्यावर हात ठेवून दिला तर सहा, पण केसांना जेल लावलेला असेल तर परत पाच.) जुनी आठवण सांगितली, दहा. आणि ती ऐकून स्वयंसेवकाच्या डोळ्यांत पाणी आलं तर वीस.

मला दर रविवारी भरघोस गुण पडतात. त्याचं कारण असं, की मी आठवणी सांगताना त्या घडल्या होत्या की नाही असल्या बारीकसारीक गोष्टींत अडकून पडत नाही. माझी एक आठवण फार चालते. एका भल्यामोठ्या नाट्यगृहाचा पडदा शिवायचं काम आलं होतं. पडदा एवढा लांब, की टीप घालायला एका टोकाकडून मी बसले आणि दुसऱ्या टोकाकडून दुसरा शिंपी. वाटेत दोन उन्हाळे गेले. मशीन पुढे पुढे सरकवत जायचं, संध्याकाळ झाली की पडद्यातच गुंडाळून झोपायचं. शेवटी मधोमध एकदाची गाठ पडली, त्या शिंप्याने वर पाहिलं, मी वर पाहिलं. तेच माझे हे. लग्न झाल्यावर लक्षात आलं की हे पडद्याच्या उलट्या बाजूने शिवत आले होते.

हे सांगितलं की स्वयंसेवक डोळे पुसतात. "किती गोड आजी! तेव्हाचं प्रेमच वेगळं!"

झालं. एवढंच. अहो, दोन उन्हाळे कोणी पडदा शिवतं का? कोणी विचारेल, की जेवायला कोण घालत होतं? पाऊस आला तेव्हा काय केलंत? पण नाही. गोड! जन्मात एवढी मेहनत घेऊन थाप मारावी आणि समोरच्याने ती लहान बाळाच्या दुधासारखी गटकन पिऊन टाकावी, याच्यासारखं दुःख नाही. थापेला समोरून कोणीतरी 'हॅट्' म्हणणारं लागतं. त्याशिवाय ती पुढे सरकतच नाही.

आमच्या निवासात 'हॅट्' म्हणणारा एकच माणूस होता. ड्रायव्हर.

त्यांनी उभं आयुष्य बस चालवली. डोक्यावर कायम पाटी, 'चालकाशी बोलू नये'. सुरुवातीला लोक बोलत नव्हते, मग यांचीच सवय गेली. रोज दुपारी आम्ही दोघं जेवणघरातल्या खिडकीपाशी पत्ते खेळायचो. मी बोलायची, ते पानं लावायचे. पडद्याची आठवण त्यांना पहिल्यांदा सांगितली तेव्हा त्यांनी मान वर न करता म्हटलं होतं, "थाप."

"का हो? थाप कशी?"

"मशीनला दोरा किती लागला?"

बाई गं! अंगावर काटा आला माझ्या. एवढ्या वर्षांत एकाने तरी नीट ऐकलं होतं. रात्रभर जागून मी त्या दोऱ्याचा कारखाना उभा केला, मालकासकट. दुसऱ्या दिवशी ऐकून ते म्हणाले, "हॅट्." आणि हळूच हसले. तेव्हापासून मी दुपारची वाट बघायला लागले. या वयात सकाळी उठायला काहीतरी कारण लागतं. माझं कारण ते 'हॅट्' होतं, आणि ते मी कोणाला सांगितलंही नव्हतं.

पण गुणांच्या बाजूने पाहिलं तर ड्रायव्हर म्हणजे संस्थेवरचा डाग. एक करसल्लागार त्यांच्याकडे यायचे. भला माणूस, डोळे कायम भरून यायच्या बेतात. ते ड्रायव्हरांचा हात हातात घ्यायचे आणि म्हणायचे, "आजोबा, एखादी आठवण सांगा ना."

ड्रायव्हर विचार करायचे. "गाडी होती."

"मग?"

"नेली."

"मग?"

"परत आणली."

करसल्लागार तासभर डोळे भरून बसायचे आणि तसेच्या तसे घरी घेऊन जायचे. एका रविवारी त्यांनी मॅडमना सांगितलं, की आपल्याला इथे रिकामं रिकामं वाटतं.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी जेवणघरात येऊन जाहीर केलं, की ड्रायव्हर आजोबांची बदली या महिनाअखेरीला 'शांत शाखे'त होईल. शांत शाखा गावाबाहेर, नदीपलीकडे. तिथे स्वयंसेवक जात नाहीत, कारण रस्ता खराब आहे. ज्यांच्या सेवेतून समाधान मिळत नाही अशांना तिथे ठेवतात.

मी मॅडमना गाठलं. "अहो मॅडम, तो माणूस काय त्रास देतो? जेवतो, झोपतो, पत्ते खेळतो."

"त्रास नाही देत हो आजी, पण काही देतही नाही ना! एवढी लांबून माणसं येतात. त्यांच्या भावनांचा विचार करायला नको?"

"आणि माझ्या पत्त्यांचं काय?"

"तुम्हाला देऊ ना आपण! पत्ते खेळायला बारा स्वयंसेवक तयार आहेत. मुद्दाम हरतात."

मुद्दाम हरतात! मी तिथून उठलेच. ड्रायव्हर खिडकीपाशी पानं पिसत बसले होते. मी म्हटलं, "ऐकलंत ना? आता तोंड उघडावं लागेल तुम्हाला. मी एक आठवण देते, ती पाठ करा."

"माझ्या आहेत की."

"नेली आणि आणली? त्यावर तुम्हाला नदीपलीकडे नेतील, आणि परत नाही आणणार. ऐका. तुम्ही घाट उतरताय. गाडी गच्च भरलेली. मधेच ब्रेक गेले."

"गेले नव्हते. मी रोज तपासायचो."

"या आठवणीत गेले! तुम्ही ओरडलात, सगळ्यांनी छत्र्या काढा, खिडकीबाहेर धरा आणि एकदम उघडा! साठ छत्र्या उघडल्या. बस अलगद उचलली गेली, तरंगत तरंगत दरीवरून गेली आणि खालच्या थांब्यावर टेकली. वेळेच्या पाच मिनिटं आधी."

त्यांनी पानं पिसायची थांबवली. "छत्र्यांचं ठीक आहे," ते म्हणाले. "पण बस वेळेच्या आधी? हॅट्! कोणाला पटेल?"

मग मी ती वेळेवर टेकवली. तेही त्यांना जड गेलं. शेवटी दहा मिनिटं उशिरा टेकली तेव्हा कुठे ते पाठ करायला तयार झाले.

रविवारी करसल्लागार आले. मी शेजारच्या खुर्चीत, सुई हातात, कान तिकडे. ड्रायव्हर घसा खाकरून म्हणाले, "ब्रेक गेले. छत्र्या उघडल्या. बस उडाली. दहा मिनिटं उशीर."

करसल्लागारांनी श्वास रोखला.

आणि पुढे हा माणूस काय म्हणाला असेल? म्हणाला, "हे खोटं आहे. मी काही केलेलं नाही. सगळं या टेलरबाईंनी केलंय."

मी सुईच टोचून घेतली. संपलं, म्हटलं. आता नदीपलीकडे. पण करसल्लागार ढसाढसा रडत होते! "काय ही नम्रता! गाडीभर माणसांचा जीव वाचवला आणि म्हणतात, मी काही केलं नाही! श्रेय शेजारच्या आजींना देतात!" त्यांच्या हुंदक्यांनी आजूबाजूचे नऊ स्वयंसेवक आपापली बोटं सोडून धावत आले. ड्रायव्हर प्रत्येकाला कळवळून सांगत होते, "अहो खोटं आहे, शपथ." जितके सांगतील तितके लोक रडत होते. त्या एका दिवसात त्यांना पडलेले गुण आमच्या सबंध मजल्याच्या गुणांपेक्षा जास्त होते. नर्सबाईंनी चार जणांना कांदा हुंगवला, तरी रडणं थांबेना. (कांद्याने थांबायचं नसतं हे त्यांना माहीत होतं. बाई मुद्दाम करत होत्या.)

दोनच रविवार गेले असतील. मॅडम हसत हसत आल्या. "अभिनंदन! ड्रायव्हर आजोबा 'आदर्श सेवापात्र' ठरले. त्यांना मुख्य कार्यालयात हलवतायत. तिथे काचेची मोठी खोली आहे. नवीन स्वयंसेवकांच्या तुकड्या रोज येतील आणि आजोबा रोज नम्र होतील."

म्हणजे गुण कमी पडले तर नदीपलीकडे आणि जास्त पडले तर काचेत. माझा पत्त्यांचा डाव दोन्हीकडून मोडलेला.

त्या दुपारी ड्रायव्हरांनी पानं वाटलीच नाहीत. म्हणाले, "टेलरबाई, मला नाही जायचं." स्वतःला काय हवंय, हे मी त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकलं. मला काही सुचेना. मीही पहिल्यांदाच गप्प बसले. मग त्यांनी विचारलं, "तो पडद्यावाला दोऱ्याचा कारखाना. पुढे बंद पडला का चालू आहे?"

आता असं विचारणाऱ्या माणसाला कोणी जाऊ देईल का? मी तडक मॅडमच्या खोलीत गेले.

"मॅडम, मला सांगा, इथल्या म्हाताऱ्याला कुठेही हलवता येतं ना?"

"निवासाच्या हितासाठी, हो."

"आणि स्वयंसेवकाला?"

मॅडम दचकल्या. "छे छे! स्वयंसेवकाला कसं हलवणार? ते आपणहून येतात! त्यांना नाहीसुद्धा म्हणता येत नाही."

"वयाची अट?"

"अठरा पूर्ण."

"आणि वरची?"

मॅडमनी नियम काढून पाहिले. वरची अट नव्हती. लिहिणाऱ्याला गरजच वाटली नसावी.

"मग ड्रायव्हरांना स्वयंसेवक करून घ्या. माझे."

"अहो आजी, तीनशे जण नंबर लावून बसलेत!"

"पण नंबर लावताना जवळ राहणाऱ्याला आधी घेता ना, पेट्रोल वाचावं म्हणून? हे माझ्यापासून चार दारं सोडून राहतात. यांच्याहून जवळचा दाखवा, मी हार मानते."

मॅडमनी मग रीतसर परीक्षा घेतली. एका सेवापात्राचं बोलणं पंधरा मिनिटं न कंटाळता ऐकून दाखवायचं. मी दोऱ्याच्या कारखान्याला लागलेली आग सांगितली, जी विझवायला आम्ही अख्खं तळं शिवून आणलं होतं. ड्रायव्हर मधे म्हणाले, "हॅट्. पाण्याला टाका बसत नाही." मॅडमनी शेरा मारला, 'अत्यंत एकाग्र श्रोता', आणि त्यांच्या डोक्यावर स्वयंसेवकाची पिवळी टोपी घातली. आजवर असं एकाग्र ऐकणारा एकही सापडला नव्हता म्हणे. बाकीचे रडण्याच्या तयारीत असतात.

आता ड्रायव्हर इथेच असतात. राहत नाहीत हं! स्वयंसेवकाला राहता येत नाही. ते फक्त स्वयंसेवकांच्या खोलीत रात्रभर विश्रांती घेतात आणि सकाळी सेवेला हजर होतात, टोपी घालून. दुपारी माझ्यासमोर बसतात, पानं वाटतात आणि माझी पुरेपूर काळजी घेतात. म्हणजे माझ्या एका शब्दावर विश्वास ठेवत नाहीत. माझं वजन वाढलंय. डॉक्टर म्हणाले, बघा, स्वयंसेवकांचा केवढा फायदा होतो! मी कशाला नाही म्हणू?

फक्त एक अडचण उभी राहिली. एक स्वयंसेवक वाढला आणि एक म्हातारा कमी झाला. चाळीसचे एकोणचाळीस. ड्रायव्हरांचे करसल्लागार दर रविवारी येतात, रिकाम्या खाटेशेजारी बसतात आणि उशीचा कोपरा हातात धरतात. त्यांच्यामागे नखांचे, खुर्चीचे, वर्तमानपत्र वाचून दाखवायचे, सगळे मिळून वीसेक जण ताटकळलेत. मॅडमना झोप नाही. म्हणाल्या, "आजी, कोणीतरी बघा ना तुमच्या ओळखीतलं."

म्हणून मी तुमचं नाव दिलंय.

असं दचकू नका. तुम्ही म्हणाल, माझं अजून वय कुठे झालंय? मीही तसंच म्हणत आले होते, स्वतःची पिशवी स्वतः उचलून. तुम्ही बसून एका म्हातारीचं एवढं सगळं ऐकून घेतलंत, मधे एकदाही 'हॅट्' म्हणाला नाहीत, म्हणजे दुसरं काही काम दिसत नाही. मॅडमना तेवढं पुरलं. खाट तयार आहे.

तुमचा मुलगा इथे स्वयंसेवक आहे, ठाऊक आहे ना? दर रविवारी येतो. तुम्हाला वाटतं, ऑफिसात काम असतं. फार प्रेमळ हो पोरगा, माझ्या डाव्या पायाच्या करंगळीचं नख कापतो. मी मॅडमना म्हटलं, आता घरचंच माणूस येतंय तर जोडी त्यांचीच लावा. मॅडमनी त्याला विचारलं. तो क्षणभर गोंधळला, मग छान हसला आणि म्हणाला, "नको मॅडम, मला आपले दुसऱ्याचेच आईवडील द्या. त्यांचं ऐकायला मला मनापासून आवडतं."